पापणीची सावली

त्या खोलीत भर दुपारी अंधार असायचा, आणि तो मुद्दाम केलेला असायचा. खिडक्यांवर जाड काळं कापड, दाराखालच्या फटीत जुन्या चादरीची वळकटी, भिंतींना करडा रंग. चार टेबलं, प्रत्येक टेबलावर दोन स्क्रीन, आणि स्क्रीनवर दिवसभर डोळे. आपल्याला बाहेरून दिसतात ते नव्हेत, आतले. कॅमेऱ्याने बाहुलीतून आत डोकावून काढलेले डोळ्यामागच्या पडद्याचे फोटो: केशरी जमीन, तिच्यावर एक पिवळट चकती, आणि त्या चकतीतून चहूकडे फुटलेल्या तांबड्या रक्तवाहिन्या. निरनिराळ्या दवाखान्यांत औषधांचे अभ्यास चालत, तिथले फोटो इथे येत, आणि इथे बसलेली माणसं ते वाचत. हो, वाचतच. 'बघतात' म्हटलेलं मामाला खपत नसे. बघतात ते लग्नातले फोटो, असं तो म्हणायचा.

मामा हे त्याचं घरातलं नाव. खोलीत तो 'सर' होता आणि त्याच्या पाठीमागे 'काटा'. तराजूचा असतो ना, तो काटा. बावीस वर्षं तो त्याच खुर्चीत बसून डोळे वाचत होता, आणि एखाद्या फोटोला आज जो शेरा देईल तोच सहा महिन्यांनी देईल अशी त्याची ख्याती होती. नुसत्या ख्यातीवर भागत नसे, तिचा आकडाही निघायचा. दर शंभर फोटोंमागे पाच फोटो नंबर बदलून गुपचूप त्याच वाचकापुढे पुन्हा टाकले जात आणि पहिला शेरा दुसऱ्याशी जुळतो का ते तपासलं जाई. त्याला 'मेळ' म्हणत. बाकीच्यांचा मेळ ऐंशी-पंचाऐंशीत घुटमळायचा, मामाचा सत्त्याण्णव. महिन्याच्या पहिल्या तारखेला हे आकडे दाराशेजारच्या फळ्यावर लागत. मामा तिकडे ढुंकूनही न बघता आत जायचा, फक्त त्या दिवशी त्याची चाल जरा हळू असायची.

त्याने लग्न केलं नव्हतं. माणसं म्हणाल तर दोन: थोरली बहीण, जिला तो ताई म्हणे, आणि ताईची एकुलती एक मुलगी. तिचं घरातलं नाव भिंगरी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून पडलेलं. पुढे ती ठरायला लागली, पण ती काही शहाणपणाने नव्हे. तिला जन्मापासून रक्ताचा आजार होता, सिकलसेल. गोल असायच्या त्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकून बसतात, आणि मग हाडं अशी ठणकतात की माणूस गुरासारखा ओरडतो. भिंगरी ओरडायची नाही. उशीचा कोपरा दातात धरून पडून राहायची, आणि दुखणं ओसरलं की विचारायची, "मी काही वेडंवाकडं बोलले का?"

आता ती सव्वीस वर्षांची होती आणि कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात रफू करायची. कुणाच्या कोटाला सिगारेटने भोक पडलं, कुणाची शाल खिळ्याला अडकली, की ते भिंगरीपुढे यायचं. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून ती भोक असं भरायची की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, होतं कुठे? तेव्हा तिला फार बरं वाटायचं. कमाई बेताची, पण ताईचं घर त्या सुईवर चालत होतं आणि भिंगरीचा सगळा तोराही.

हा आजार डोळ्यांतही उतरतो. पडद्याच्या कडेला रक्त पोचेनासं झालं की डोळा आपल्या अकलेने तिथे नव्या नळ्या काढतो. त्या कच्च्या असतात. जाळीसारख्या पसरतात, एक दिवस फुटतात, डोळ्यात रक्त सांडतं, आणि सुकताना त्या आख्खा पडदा ओढून उपटतात. आधी दिसलं तर लेझरचे दहा-पंधरा मिनिटांचे चटके पुरतात. आधी दिसलं तर. तेवढ्यासाठीच मामाची ती अंधारी खोली होती.

तिच्या दवाखान्यातल्या रक्तविभागात एका नव्या गोळीचा अभ्यास निघाला तेव्हा भिंगरीला त्यात घ्यायला डॉक्टर तयार होते. भिंगरी तयार नव्हती.

"गोळी खरी की खोटी, तेसुद्धा सांगणार नाहीत म्हणे," ती म्हणाली.

"डॉक्टरांनाही माहीत नसतं. तशीच पद्धत आहे."

"म्हणजे सगळे आंधळे कारभारी."

मामा हसला. मग म्हणाला, "दर सहा महिन्यांनी डोळ्यांचे फोटो काढतात. ते आमच्याच खोलीत येतात."

"तू बघणार?"

"वाचणार."

"मग आण तो कागद. कुठे करायची सही?"

इतकं सोपं झालं ते. कागदाची बारा पानं होती, तिने एकही उलटलं नाही. ताई बाजूला बसली होती. ती म्हणाली, "मामा आहे ना तिथे," आणि चहा ठेवायला उठली.

आता खोलीतला नियम सांगायला हवा. तो साधा होता. आपल्या ओळखीचं कुणी एखाद्या अभ्यासात असेल तर मॅडमना चार ओळी लिहून द्यायच्या. त्या अभ्यासाचे फोटो मग त्या वाचकाकडे येत नसत. मॅडम म्हणजे खोलीच्या प्रमुख. हा नियम मामानेच कितीतरी नव्या मुलांना शिकवला होता, कारणासकट. आपल्या माणसाचा डोळा आपल्याला वाचता येत नाही, हे ते कारण. मामाने त्या चार ओळी लिहिल्या नाहीत. फोटोवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, हजारात कोण कुणाला ओळखतंय, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. त्याला तिच्यावर नजर ठेवायची होती, आणि आपल्याइतकी चांगली नजर त्या इमारतीत दुसऱ्या कुणाची आहे असं त्याला वाटत नव्हतं.

ओळखायचं म्हटलं तर त्याने तिचा डोळा झोपेतही ओळखला असता. ती दहा वर्षांची असताना खोलीत नवा कॅमेरा आला होता आणि सरावासाठी कुणाचे तरी डोळे हवे होते. शाळेला सुट्टी होती, मामा तिला घेऊन गेला. हनुवटी टेकवून ती कशीबशी दोन मिनिटं स्थिर बसली. डाव्या डोळ्याच्या फोटोत, चकतीच्या जरा खाली, एक रक्तवाहिनी उगाचच एक वेढा घेऊन पुढे गेली होती. जन्मजात, निरुपद्रवी. "तुझ्या डोळ्यात गाठ आहे बघ," मामाने तिला स्क्रीनवर दाखवलं. तिने ते वर्गभर सांगितलं होतं.

अभ्यासाचा तिचा पहिला फोटो आला तेव्हा मामाला ती गाठ दिसली आणि त्याला अंधारात हसू फुटलं. नंबर एकशे अठरा. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला जुनी, सुकलेली इवलीशी जाळी होती, बाकी सगळं स्वच्छ. पुढच्या दोन खेपांनाही तेच. शेरा दोन. शून्य म्हणजे निर्मळ, एक म्हणजे शंका, दोन म्हणजे जाळी आहे पण पहिल्या फोटोत होती तेवढीच, तीन म्हणजे वाढली. तीनला अर्थ होता. तीन पडला की दोन दिवसांत इथून दवाखान्यात फोन जाई आणि पेशंटला डोळ्यांच्या सर्जनकडे पाठवलं जाई. दवाखान्यात फोटो काढणारा होता, डोळ्यातलं वाचणारं कुणी नव्हतं. ते काम या खोलीचं.

दीड वर्ष उलटल्यावर चौथा फोटो आला. मंगळवार, सकाळचे अकरा. डाव्या स्क्रीनवर पहिला फोटो, उजव्यावर आजचा. गाठ जागच्या जागी होती. मामाची नजर कडेला गेली आणि तिथे थांबली. जाळीच्या टोकाशी काहीतरी धूसर होतं. फोटो अगदी कडेचा होता, कोपरा काळवंडलेला. त्या काळपटपणात जाळी संपत होती की पुढे सरकत होती?

एका फोटोला मामाला चार मिनिटं लागत. त्या दिवशी बारा लागली. त्याने उजेड वाढवला, कमी केला, रंग काढून पाहिले. आणि जितका वेळ तो बघत गेला तितकी ती सावली त्याला सावलीसारखीच दिसत गेली. फोटो काढताना पापणी अर्धवट खाली येते, तिची सावली कोपऱ्यात पडते. रोज दहा फोटोंत पडते. त्याने शेऱ्याच्या चौकटीत दोन लिहिलं आणि खाली कारण लिहिलं: पापणीची सावली.

यात लबाडी नव्हती, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. त्याला खरंच तसं दिसलं होतं. पण हाच माणूस नव्या मुलांना काय शिकवायचा, तर कोपऱ्यात काळं दिसलं की हात आपोआप 'पापणीची सावली' लिहायला धावतो. लिहिण्याआधी स्वतःला विचारा, ही सावली मला दिसतेय की असली तर बरं असं वाटतंय? बावीस वर्षं दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्या मंगळवारी त्याला स्वतःला विचारायचं सुचलं नाही.

प्रत्येक फोटो दोघं वाचत, एकमेकांना न सांगता. दुसरी वाचक मामानेच तयार केलेली एक मुलगी होती. तिला खोलीत 'नवी' म्हणत. वर्ष होऊन गेलं तरी नवीच. नवीने एकशे अठराला तीन दिला. दोन शेरे जुळले नाहीत की फोटो मॅडमकडे जायचा. मॅडमपुढे त्या दिवशी असे नऊ फोटो होते. त्यांनी एकशे अठरा उघडला, काटा दोन म्हणतोय आणि नवी तीन म्हणतेय हे पाहिलं, आणि दोनवर शिक्का मारला. फोन गेला नाही.

तीन आठवड्यांनी तोच फोटो मामापुढे पुन्हा आला. नंबर होता सहाशे दोन. मेळ तपासायचे पाच फोटो असत, त्यांतला एक. नंबर बदलला म्हणून गाठ थोडीच बदलते.

या वेळी त्याला बारा मिनिटं लागली नाहीत. कदाचित मधले दिवस गेल्यामुळे, कदाचित आदल्या रात्री चांगली झोप झाल्यामुळे, त्याला ती जाळी पहिल्या नजरेतच दिसली. सावलीला कडा नसतात. याला होत्या. बोटाच्या पेरासारखा एक कच्चा कोंब जुन्या जाळीतून फुटून काळोखात शिरला होता. तीन. धडधडीत तीन. पहिल्या दिवशी शिकायला आलेल्यालाही दिसला असता असा तीन.

तीन लिहिलं की मेळ तुटणार, आणि मामाचा मेळ तुटला म्हणजे मॅडम स्वतः दोन्ही शेरे काढून बसणार. एवढा फरक कसा, विचारणार. बारा मिनिटं का लागली, विचारणार. यंत्र वेळही नोंदवतं. मग ओळख निघणार, न लिहिलेल्या चार ओळी निघणार, बावीस वर्षं निघणार. आणि हे सगळं मनात चालू असताना, लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याला फळाही आठवला. सत्त्याण्णव.

पहिल्या वेळी त्याला मायेने आंधळं केलं होतं. या वेळी तो आंधळा नव्हता. त्याने दोन लिहिलं, खाली लिहिलं 'पापणीची सावली', आणि पुढचा फोटो उघडला.

संध्याकाळी त्याने भिंगरीला फोन केला. करायचा होता सर्जनकडे जा म्हणून सांगायला, तोंडातून निघालं भलतंच.

"काय, डोळे काय म्हणतायत?"

"डोळे काय म्हणणार? मी म्हणते ते ऐकतात. आज एक कोट आला होता मामा, उंदराने कुरतडलेला. मालक म्हणाला टाकून दे. मी म्हटलं, द्या इकडे."

"अगं, सवड झाली की एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून ये. सहज."

"कशाला? तू वाचतोस ना फोटो? काही दिसलं का?"

मामाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. एवढ्या वेळात माणूस एक शब्द सहज बोलू शकतो.

"नाही तसं काही," मामा म्हणाला.

"मग झालं तर. पुढच्या खेपेला आहेच की तपासणी."

त्याने पुन्हा आग्रह केला नाही. आपण सांगितलं, तिनेच मनावर घेतलं नाही, एवढी पळवाट त्याला त्या रात्रीपुरती पुरली. सकाळी ती पुरेनाशी झाली, पण तोवर कामाला जायची वेळ झाली होती.

पुढे पाच आठवडे गेले. दुकानात दुपारी साडेबारा वाजता भिंगरी एका राखाडी कोटावर काम करत होती आणि त्या कोटावर तिला काळे धागे दिसले. तिने चिमटीने एक उचलायचा प्रयत्न केला. हाती काही लागेना. दुसरा उचलला, तोही निसटला. शेजारची इस्त्रीवाली बघत होती. तिने नंतर ताईला सांगितलं की ही पाच-सात मिनिटं स्वच्छ कोटावरून काहीतरी वेचत होती आणि स्वतःशी पुटपुटत होती, कुणी एवढे धागे सोडलेत. मग तिने मान वर केली तर धागे भिंतीवर गेले. मग तिने उजवा डोळा झाकला तर भिंतच गेली.

रक्ताने डोळा भरला होता आणि आत पडदा सुटला होता. सर्जन हुशार होता आणि खरं बोलणारा होता. त्याने आधी तिचं रक्त बदलून घेतलं. वाकड्या पेशींचं काढून दात्यांचं चढवलं, कारण नाहीतर टेबलावरच डोळ्याचा रक्तपुरवठा गोठायचा. त्यात दोन दिवस गेले. मग साडेतीन तासांचं ऑपरेशन झालं. सांडलेलं रक्त काढलं, जाळी कापून सोडवली, पडदा जागेवर बसवला आणि तो टेकून राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा फुगा भरला. बाहेर येऊन टोपी काढत तो म्हणाला, "मधला भाग फार दिवस ताणला गेला होता. तो मेलाय. पडदा चिकटला तर या डोळ्याला उजेड-अंधार कळेल, हात हलवलेला कळेल. त्याहून जास्त आशा धरू नका."

ताई म्हणाली, "ती सुई ओवते हो. रफू करते."

"एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही," सर्जन म्हणाला. "आणि आजार दुसऱ्या डोळ्यातही आहे. त्याला लेझर केलंय. त्यावर लक्ष ठेवावं लागेल." मग कागद चाळता चाळता त्याने विचारलं, "दोन महिन्यांपूर्वी फोटो झालेला दिसतोय. त्यात काहीच नव्हतं?"

"हा स्वतः वाचतो ते फोटो," ताई मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "असतं तर याने सोडलं असतं का?"

मामाने जमिनीकडे पाहिलं. तो हात बराच वेळ तिथेच राहिला, आणि तो झटकून टाकायची त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मॅडमच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ऐकून झाल्यावर मॅडमनी एकशे अठरा आणि सहाशे दोन शेजारीशेजारी उघडले. दोन्हीकडे तोच कोंब, खाली तेच कारण, एका अक्षराचाही फरक नाही.

"मेळ अगदी शंभर टक्के," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी फोटो बघितलाच नाही. तुमचा शेरा बघितला. तेव्हा मीही लिहून देणार आहे. पण तुम्ही आता आत जाऊ नका. या अभ्यासाचे तुमचे सगळे फोटो पुन्हा वाचावे लागतील."

"किती आहेत?"

"एकोणीसशेच्या वर."

बाहेर व्हरांड्यात नवी उभी होती. दार उघडंच होतं, तिने ऐकलं असावं. मामाला वाटलं, ही आता आपल्याला बोल लावणार, आणि खरं सांगायचं तर त्याला ते हवंच होतं.

"सर, मला वाटलं मीच चुकले," ती म्हणाली. "मॅडमनी तुमचा शेरा धरला ना, तेव्हा. मी तो फोटो चार-चारदा काढून बघितला. म्हटलं, सर म्हणतायत तर सावलीच असणार. म्हटलं, अजून आपली नजर तयार नाही." तिने खिशातून एक चिठ्ठी काढली. "नंतर तसेच तीन फोटो आले. कोपऱ्यात काळे. तिन्हींना मी दोन दिला."

"नंबर?"

"लिहून ठेवलेत. मॅडमना आत्ता देते."

मामा भिंतीला टेकला. एका डोळ्याचं ओझं घेऊन तो आला होता. आता आणखी तीन डोळे, ज्यांच्यात कुठली गाठ आहे तेही त्याला ठाऊक नव्हतं. ती माणसंही कुणाची तरी भाचरं असतील, कुणी सुई ओवत असेल, कुणी गाडी हाकत असेल, आणि मामा आहे ना तिथे असं त्यांच्यापैकी कुणाला म्हणायचीही सोय नव्हती. मग बाजूला होऊन त्याने नवीला मॅडमच्या दाराकडे वाट करून दिली.

त्या दिवशी दुपारी चार वाजता तो ताईकडे गेला. भिंगरी आदल्या संध्याकाळीच घरी आली होती. खाटेवर ती पालथी होती, कपाळ दोन गुंडाळलेल्या टॉवेलांवर टेकलेलं, तोंड जमिनीकडे. फुगा नेहमी वर चढतो आणि पडदा डोळ्याच्या पाठीशी असतो. तोंड खाली असेल तरच फुगा पडद्याला दाबून धरतो. दहा दिवस असंच राहायचं होतं. खाणं तसंच, झोपणं तसंच. मान वर करायची नाही, हे सर्जनने तीनदा बजावलं होतं आणि ताईने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराला लावलं होतं.

"मामा आला," भिंगरी खालच्या खाली म्हणाली. "उजवा पाय घासत चालतोस. मला आता पायच दिसतात सगळ्यांचे."

तो खाटेजवळच्या स्टुलावर बसला. "दुखतंय का?"

"मानच जास्त दुखतेय. फरशीचा अभ्यास चाललाय माझा. इथे तीन तडे आहेत बघ. काल दोनच वाटत होते." तिला हसू आलं, पण हसलं की डोळा दुखत असावा, ती लगेच थांबली. "मामा, एक सांगू? रागावू नकोस. आईला सांगितलेलं नाही मी."

"बोल."

"ते धागे दिसायच्या आधी दोन आठवडे मला बारीक ठिपके दिसत होते. डासासारखे. कोटावर, भिंतीवर. एकदा वाटलं जाऊन दाखवावं. मग म्हटलं, मामाने फोटो वाचलाय. वर तुझा फोनही येऊन गेला होता. काही असतं तर तू बोलला असतास ना? म्हणून नाही गेले. माझीच चूक आहे ती. तू एवढं बघत होतास आणि मी साधं तोंड उघडलं नाही. उरलेल्या डोळ्याचं मात्र तूच बघ बाबा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

मामाला वाटलं, गप्प बसावं. गप्प बसणं त्याला आता चांगलं जमत होतं. तिची चूक तिच्याकडेच राहू द्यावी. तिला ती फारशी जड वाटत नव्हती, आणि निदान मामा तरी तिला उरला असता. हा विचार त्याच्या मनात पुरा आला, कडेपर्यंत आला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"भिंगरी," तो म्हणाला, "तुझी चूक नाही. मी बघितलं होतं."

मग त्याने सांगितलं. पहिल्या वेळचं सांगितलं, दुसऱ्या वेळचं सांगितलं. मेळ म्हणजे काय ते सांगितलं, फळ्यावरचा आकडा सांगितला, फोन का केला आणि फोनवर काय बोललो नाही ते सांगितलं. आपल्याला आज खोलीबाहेर काढलं आणि उरलेल्या डोळ्याचा फोटो आता आपल्यापुढे कधीच येणार नाही, हेही सांगितलं. स्वयंपाकघरात मघापासून भांड्यांचा आवाज होत होता, तो बंद झाला. ताई दारात येऊन उभी राहिली, हातात पाण्याचा पेला. तिने तो मामाला दिला नाही. उलट्या पावली आत गेली आणि आतलं दार लोटून घेतलं.

भिंगरी हलली नव्हती. टॉवेलाच्या मधल्या फटीत तिचा श्वास ऐकू येत होता.

"ओळखलास कशावरून?" तिने विचारलं.

"गाठीवरून."

"म्हणजे दुसऱ्या वेळी तुला माहीत होतं. तो माझा आहे, आणि तो वाढलाय."

"हो."

"दोन्ही."

"हो, दोन्ही."

खाटेखालच्या फरशीवर थेंब पडला. आधी एक, मग आणखी एक. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, तेव्हा ते उजव्या डोळ्यातले असणार. मामाने खिशातून रुमाल काढला आणि तो कुठे धरावा हे न कळून हातातच ठेवला.

"मामा," ती म्हणाली, "मान वर करू का? एकदाच. मला तुझं तोंड बघायचंय."

सर्जनने तीनदा बजावलं होतं, दारावर कागद लावलेला होता, आणि फुगा सरकला तर उजेड-अंधारही जाणार होता. हे सगळं खरं होतं. पण त्यातलं काहीही त्या क्षणी मामाच्या मनात नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "फुगा सरकेल."

तिने मान खालीच ठेवली. मामाचं ती लहानपणापासून ऐकत आली होती.